पंखा फिरतो, पडदा मात्र काळा : संगणक सुरू न होण्यामागे रॅमचा दोष कसा ओळखावा

भिलाई (छत्तीसगढ) : बटण दाबताच पंखा फिरू लागतो, पेटीवरील दिवा लागतो, कीबोर्डचे दिवे क्षणभर चमकून विझतात, पडदा मात्र काळाच राहतो. कधी आतून ठरावीक अंतराने लांब 'बीप' ऐकू येतो, कधी तोही येत नाही. डेस्कटॉप संगणकाची ही तक्रार दुरुस्तीच्या दुकानांना नित्याची आहे आणि अनेकदा तिच्या मुळाशी संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम असते. तरीही पुष्कळ ग्राहक प्रथम मॉनिटर बदलण्याचा विचार करतात किंवा 'विंडोज पुन्हा टाकून द्या' असे सांगून मोकळे होतात. पहिला उपाय व्यर्थ ठरतो, दुसरा तर घातकही ठरू शकतो.

सोव्हिएत सहकार्याच्या 1955 च्या करारातून उभ्या राहिलेल्या आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या या पोलादनगरीत डेस्कटॉपचे स्थान अद्याप टिकून आहे. सेक्टरांमधील निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी, अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर आणि दाखले काढून देणाऱ्या 'चॉइस सेंटर'मध्ये आठ-दहा वर्षे जुनी यंत्रे चालू आहेत. त्यांत कुटुंबाची छायाचित्रे, निवृत्तिवेतनाचे कागद, अर्जांच्या प्रती साठवलेल्या असतात. त्यामुळे पडदा काळा झाला की पहिला प्रश्न असतो, 'आतले सगळे गेले का?' रॅमच्या बाबतीत याचे उत्तर दिलासा देणारे आहे. रॅममध्ये कायमचे काहीच साठत नाही. वीज जाताच ती रिकामी होते. कागदपत्रे हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात आणि केवळ रॅमच्या बिघाडामुळे संगणक सुरू होत नसेल, तर ती बहुधा जशीच्या तशी असतात.

मग एका पट्टीपायी सारे यंत्र का अडते? बटण दाबल्यावर प्रोसेसर सर्वप्रथम मदरबोर्डवरील एका लहान चिपमधील बायोस (नव्या यंत्रांत यूईएफआय) हा प्रोग्रॅम चालवू लागतो. या घटकेला रॅम वापरण्याजोगी नसते. बायोस प्रत्येक पट्टीवरील छोट्या चिपमधून तिची क्षमता, वेग व व्होल्टेज वाचतो, त्यानुसार जुळणी करतो आणि चाचणी घेतो. ही पायरी पार पडल्याशिवाय साधारणतः पडद्यावर अक्षर उमटत नाही. रॅमचा दोष पडद्यावर लिहून न येता आवाजाने किंवा दिव्याने कळवला जातो, तो याच कारणाने.

या आवाजांची भाषा मात्र एक नाही. अवॉर्ड बायोस असलेल्या जुन्या मदरबोर्डांत पुन्हा पुन्हा येणारा लांब बीप स्मृतीकडे बोट दाखवतो, एएमआय बायोसमध्ये तीन आखूड बीप, तर डेलच्या अनेक जुन्या संगणकांत दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही. अलीकडच्या पुष्कळ मदरबोर्डांवर 'डीरॅम' असे लिहिलेला बारीक दिवा असतो; तो सतत पेटून राहिला तर शोधाची दिशा स्पष्ट होते. बीप नाही म्हणून दोष नाही, असे मात्र समजू नये. कित्येक कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो.

प्रत्यक्ष तपासणीत सर्वाधिक यश देणारा उपाय सर्वांत साधा आहे : पट्टी काढून पुन्हा नीट बसवणे. यंत्र तापते, थंड होते, पुन्हा तापते. या चक्रात स्लॉटमधील पकड किंचित सैलावते. त्यात मे महिन्यातील उष्मा, पावसाळ्यातील दमट हवा आणि औद्योगिक शहरातील बारीक धूळ यांची भर पडते. प्रथम वीजजोडणीची वायर काढावी, बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेला विद्युतभार ओसरतो. मग कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावावा. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर साचणारी स्थिरविद्युत माणसाला जाणवण्याइतकी नसतानाही चिप निकामी करू शकते. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडून पट्टी सरळ वर काढावी. बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर समान दाब द्यावा. 'खट्' असा आवाज येऊन खिट्ट्या आपोआप मिटल्या पाहिजेत. एक टोक अर्धवट राहणे ही नेहमीची चूक आहे.

पट्टीच्या सोनेरी कडा खोडरबराने घासण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे आणि ती अनेकदा लागूही पडते. परंतु हा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. जोर लावून घासल्यास तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेल्यास नवाच बिघाड उद्भवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले, धागे न सोडणारे कापड अधिक सुरक्षित. रबरच वापरायचे असेल तर हलक्या हाताने, यंत्रापासून दूर, आणि चुरा ब्रशने झाडून.

एवढ्याने काम न झाल्यास अदलाबदलीचा मार्ग घ्यावा. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवून यंत्र सुरू करावे. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांत एकट्या पट्टीची जागा प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट ही असते. खात्री माहितीपुस्तिकेवरून करावी. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी लावून पाहावे. एक पट्टी चालते आणि दुसरी कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नाही, तर दोष दुसऱ्या पट्टीत. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात अडतात, तर दोष स्लॉटचा, मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरखालच्या वाकलेल्या पिनचा. या शेवटच्या अवस्थेत नवी रॅम घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पैशांचा हा मुद्दा सध्या अधिक टोचणारा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून आलेल्या मागणीमुळे 2025 च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती जगभर झपाट्याने वाढल्या. गुजरातमध्ये साणंद येथे चिप जुळणी व चाचणी प्रकल्प उभारणाऱ्या मायक्रॉन कंपनीनेही डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशल' या आपल्या ग्राहकोपयोगी नाममुद्रेचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. अंदाजाने पट्टी बदलून पाहण्याचे दिवस सरले आहेत.

नवी पट्टी लावल्यानंतर यंत्र बंद पडले असेल तर मेळ तपासावा. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात; पट्टी शिरत नसेल तर बळजबरी करू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतात, पण नेहमीच नाही. वेग वाढवणारी एक्सएमपी ही सोय बायोसमध्ये चालू असल्यास ती बंद करून पाहावी. पडदाच येत नसेल तर वीज तोडून मदरबोर्डवरील नाण्यासारखी सीआर2032 बॅटरी काही मिनिटे काढल्यास मूळ मांडणी परत येते. मात्र विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास त्यानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी हाताशी ठेवावी. डीडीआर5 असलेले यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीच्या जुळणीसाठी काही मिनिटे काळा पडदा दाखवते. त्या वेळी घाईने वीज तोडू नये.

यंत्र सुरू झाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. अधूनमधून निळा पडदा येणे, फाइली खराब होणे ही अर्धवट बिघडलेल्या रॅमची लक्षणे आहेत. गूगलच्या सर्व्हरांवरील 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या. सर्व्हरमध्ये अशा चुका सुधारणारी ईसीसी रॅम असते. घरच्या संगणकात ती सहसा नसते. म्हणूनच संशयित रॅमवर विंडोज पुन्हा टाकणे किंवा डिस्कची प्रत काढणे धोक्याचे : चुकलेला बिट डिस्कवर जाऊन बसू शकतो आणि तोपर्यंत सुरक्षित असलेला दस्तऐवज त्याच वेळी बिघडू शकतो. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हा मोफत प्रोग्रॅम चालवावा, शक्यतो रात्रभर. एक जरी चूक दिसली तरी एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण तिची चाचणी तुलनेने वरवरची असते.

दुकानात यंत्र देताना कागदपत्रे महत्त्वाची असतील तर डिस्क काढून घरी ठेवावी. रॅमच्या तपासणीला ती लागत नाही. दुकानदाराने चांगली ठरलेली पट्टी लावून दाखवावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. अनेक कंपन्या रॅमवर दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात, तेव्हा जुनी पट्टी दुकानात सोडून येण्यापूर्वी बिल आणि अनुक्रमांक पाहावा.

दुसऱ्या संगणकात हीच रॅम निर्दोष चालली, तर संशय एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरकडे वळतो आणि घरगुती तपासणी तेथे थांबते. एसएमपीएसची पेटी तर घरी उघडूच नये; वीज बंद केल्यानंतरही तिच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.