अकरावीतील गणित आणि डॉक्टर होण्याची वाट

दहावीचा निकाल हाती पडला की अकरावी विज्ञान शाखेच्या प्रवेशाबरोबर विषय निवडण्याचा प्रश्न येतो. ज्या घरात मुलाला वा मुलीला डॉक्टर करण्याचे ठरलेले असते, तेथे तो पाच मिनिटांत सुटतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित नको. कारणही तयार असते : ‘नीट’ला गणित नाही, मग त्यात दोन वर्षे कशाला घालवायची? बँकेतून निवृत्त झाल्यापासून समाजातील पालक प्रवेशाच्या दिवसांत शैक्षणिक कर्जाची चौकशी करावयास माझ्याकडे येतात. कर्जाचे बोलणे आटोपल्यावर मी विषयांबद्दल विचारतो, तेव्हा बहुतेकांना तो प्रश्न अस्थानी वाटतो. मला मात्र तो कर्जाहून आधीचा वाटतो.

नियम थोडक्यात असे आहेत. वैद्यकीय प्रवेशासाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. बारावीला पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के व राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतात आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. एवढे झाले की बारावीच्या टक्केवारीचे काम संपले. पुढची क्रमवारी ‘नीट’च्या ७२० गुणांवर ठरते. त्यांपैकी ३६० जीवशास्त्राचे, १८० भौतिकशास्त्राचे व १८० रसायनशास्त्राचे. २०२५ साली तीन तासांत १८० प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा.

त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी या परीक्षेस बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतील साधारण निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत. कर्जाचा प्रस्ताव तपासताना बँकेचा अधिकारी धंदा ठरल्याप्रमाणे चालला तर काय, हे तर पाहतोच. पण तसा न चालल्यास हप्ते कोठून येतील, हेही पाहतो. बहुसंख्य मुलांना जागा मिळणारच नाही, हे ज्या परीक्षेत आधीच स्पष्ट आहे, तिच्याबाबत हा दुसरा प्रश्न घराघरांत का विचारला जात नाही, याचे मला नवल वाटते.

गणित सोडलेल्या मुलापुढे वाटा नसतात असे नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, भौतिकोपचार, पशुवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, कृषी, विज्ञानातील पदवी असे बरेच काही खुले राहते. सी.ए.ची वाट तर कोणत्याही शाखेतून आहे, आणि आपल्या व्यापारी घरांत ती पुष्कळांना ठाऊक असते. मात्र अभियांत्रिकीच्या नेहमीच्या शाखा, वास्तुकला आणि संख्याशास्त्र ही दारे बहुतांशी बंद होतात. याउलट गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेल्या विद्यार्थ्याला एमएचटी-सीईटीच्या दोन्ही गटांची परीक्षा देता येते.

दुसरी बाजू अभ्यासाची आहे, आणि तिच्याकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते. आपल्या राज्य मंडळाचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडावे. दुसरेच प्रकरण गणितीय पद्धतींचे आहे. त्यात सदिश आहेत, विकलन आणि संकलन यांची तोंडओळख आहे. पुढे प्रक्षेप्य गतीत त्रिकोणमिती येते. रसायनशास्त्रात द्रावणाची आम्लता काढताना आणि अभिक्रियेचा वेग मोजताना लॉगरिदम येतो. गणित सोडलेल्या मुलाला हे सारे शिकावेच लागते. फरक एवढाच, की ते शिकवणारा तास त्याच्या वेळापत्रकात नसतो. ‘नीट’ची तयारी केलेल्या मुलांशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार ऐकू येते : जीवशास्त्राचे पाठांतर सगळेच करतात, अडखळतात ते भौतिकशास्त्राच्या उदाहरणांत.

म्हणून गणिताची भीती नसलेल्या मुलाने ते ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्याला दहावीपर्यंतच गणिताने रडवले, त्याच्यावर ते लादू नये. बारावीच्या गणिताला वेळ फार लागतो, आणि तो वेळ जीवशास्त्राच्या ३६० गुणांतूनच काढावा लागतो. अशा मुलाने भौतिकशास्त्रापुरते गणित पहिल्या तीन-चार महिन्यांत कोणाकडून तरी नीट समजून घ्यावे. मावसभावाने काय घेतले, हा निकष येथे उपयोगाचा नाही.

उलट प्रकारची चूकही घडते. संगणकशास्त्रासारखा २०० गुणांचा द्विलक्षी विषय घेतला, तर दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. तो विषय गणित की जीवशास्त्र, हे प्रवेशाच्या दिवशीच नीट पाहून घ्यावे. जीवशास्त्र सुटलेच, तर आता एक खिडकी उघडी आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ देता येईल. सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर आधीच जीवशास्त्र सोडू नये, वर्ष जाते.

आपल्या काही घरांत जीवशास्त्राविषयी वेगळाच संकोच असतो. पाठशाळेत गांडूळ द्वींद्रिय आणि मुंगी त्रींद्रिय जीव म्हणून शिकलेल्या नातवाला बेडूक कापावा लागेल का, असे आजी विचारते. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एके काळी तो अगदी खरा होता. आज परिस्थिती बदलली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतूनही प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचा निर्णय घेतला. वैद्यकीय शिक्षणातही औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत प्राण्यांऐवजी संगणकीय प्रतिकृती वापरल्या जातात. पहिल्या वर्षी शवविच्छेदन असते, पण ते मानवी देहाचे. आणि देहदान केलेल्या व्यक्तींमुळेच ते शिक्षण शक्य होते. नेत्रदानाचे अर्ज उत्साहाने भरणाऱ्या समाजाला यात अडचण वाटू नये.

भाषेच्या निवडीबद्दल एक गोष्ट. अनेक मुले मराठी वा हिंदी सोडून माहिती तंत्रज्ञान घेतात, कारण त्यात गुण मिळतात. बारावीचे एकूण गुण ‘नीट’च्या क्रमवारीत धरलेच जात नाहीत, तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला या हिशेबाचा लाभ फारसा नाही. राज्य मंडळाच्या भाषांत अर्धमागधीही आहे, आणि जेथे ती शिकवणारे महाविद्यालय जवळ असेल तेथे आगमांच्या भाषेची ओळख करून घेण्याची ही संधी आहे. मराठीचा उपयोग तर पुढे रोजचाच. ग्रामीण रुग्णालयात आंतरवासिता करताना रुग्ण आपले दुखणे इंग्रजीत सांगत नाही.

शेवटी, बारावी कोठून करावी हे. राजस्थानात नातेसंबंध असल्याने आपल्यातील काही कुटुंबे मुलाला दहावीनंतर कोटा येथे पाठवतात आणि नावही तिकडच्याच एखाद्या शाळेत घालतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व उरलेल्या ८५ टक्के राज्याकडून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या या ८५ टक्के जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण असावी लागते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण दुकानदाराच्या मुलाला त्या लागू नाहीत. बारावी राजस्थानात झाली, की जन्मापासून सांगलीत वा सोलापुरात राहिलेला मुलगा घरच्या जिल्ह्यातील महाविद्यालयातही राज्याच्या जागेस अपात्र ठरतो. शिकवणीसाठी बाहेर जायचेच असेल, तर नाव काढून घेण्यापूर्वी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका मिळवावी आणि त्यातील पात्रतेचे प्रकरण घरातील दोघांनी तरी बसून वाचावे.