कोळसा संपला, पण कोणता?

पुण्याच्या एखाद्या गल्लीत इस्त्रीवाला म्हणाला, 'कोळसा संपला', तर शर्ट उद्यावर गेला, एवढाच त्याचा अर्थ. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात हेच दोन शब्द कोणी उच्चारले, तर मंत्रालयापर्यंत फोन खणखणू लागतील. तिथल्या संचांची क्षमता २९२० मेगावॅट आहे. शब्द तोच, वस्तू मात्र निराळी.

इस्त्रीवाल्याचा कोळसा माणसाने केलेला असतो. लाकडे रचायची, वरून पालामाती लिंपायची, हवा कोंडायची आणि काही दिवस आत नुसते धुमसू द्यायचे. ज्वाळा उठली तर हाती राख येते, म्हणून सगळे कसब आग दाबून ठेवण्यात. चंद्रपूरचा कोळसाही मुळात वनस्पतींचाच. फक्त त्याची भट्टी जमिनीच्या पोटात लागली आणि तिला पंचवीस कोटींहून अधिक वर्षे मिळाली. दोन्हींतला मुख्य ऐवज कार्बन. हा शब्द लॅटिन 'कार्बो'वरून आला आणि 'कार्बो' म्हणजे लाकडी कोळसा. 'कार्बन उत्सर्जन' म्हणणारे तज्ज्ञही नकळत भट्टीचेच नाव घेत असतात.

भाषेत मात्र दोघांत थोरला लाकडी. 'दगडी' हे विशेषण जोडावे लागले, ते मागाहून आलेल्या पाहुण्याला. इंग्रजीतही 'कोल' म्हणजे आधी धगधगता निखाराच होता. खाणीतला माल जहाजाने लंडनला येऊ लागला, तेव्हा त्याला 'सी-कोल', समुद्री कोळसा, म्हणत. पुढे पाहुण्याने घर बळकावले आणि घरमालकाला 'चारकोल' हे नाव घेऊन वेगळी चूल मांडावी लागली. मराठीत अशी वाटणी अजून झालेली नाही. वणी, बल्लारपूर, उमरेडकडे नुसते 'कोळसा' म्हटले की तो खदानीतला. पश्चिम महाराष्ट्रातल्या घरात तो लाकडी, आणि फोड करून सांगायचीच वेळ आली तर 'लोणारी कोळसा'. गेल्या आठवड्यात 'चुना' या शब्दाच्या निमित्ताने लोणारी समाजाचा उल्लेख आला होता. चुना भाजणे आणि कोळसा पाडणे हे त्यांचे दोन पिढीजात धंदे. त्यांतला दुसरा या नावात शिल्लक राहिला आहे.

मराठी म्हणी आणि वाक्प्रचार जवळपास सगळे या लाकडी कोळशाचे. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण सहाणेशेजारी बसल्याशिवाय सुचणारी नाही. तिथे चंदन उगाळले की गंध मिळतो, कोळसा उगाळला की हातही जातात आणि सहाणही. कोळसा पेटला की मराठी माणूस त्याला कोळसा म्हणत नाही. तो निखारा किंवा इंगळ होतो. अर्धवट जळते लाकूड ते कोलीत, म्हणजे माकडाच्या हाती जाणारे. या सगळ्यांना मिळून विस्तव. काड्यापेटी दुर्मीळ होती, तेव्हा सकाळी शेजारणीकडून विस्तव आणायची रीत होती. 'त्या दोघांत विस्तव जात नाही' यातले भांडण किती टोकाचे, हे गॅसच्या शेगडीपुढे उभे राहून समजायचे नाही.

निखाऱ्याची कामेही किती! बंबातले पाणी, बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-बाळंतशेपांची धुरी, देवापुढचा ऊद, मठ्ठ्याला द्यायचा धुंगार, सोनाराची बागेसरी, म्हणजे शेगडी. विझल्यावरही सुटका नाही. त्याची पूड दात घासायला आणि तुकडा भिंतीवर नावे लिहायला. ड्रॉइंगच्या वर्गातली चारकोलची कांडी म्हणजे त्याच तुकड्याची शिकलेली बहीण.

दगडी कोळशाचा संसार मात्र कागदोपत्री. भारतात १७७४ मध्ये राणीगंजला त्याची खाण सुरू झाली, १९७२-७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वैदर्भीय वर्तमानपत्रांची 'वेकोलि', स्थापन झाली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसापट्ट्यांचे वाटप रद्द केले, तेव्हा 'कोळशाच्या दलालीत हात काळे' हा हिंदीतून आलेला वाक्प्रचार मराठी मथळ्यांना आयताच मिळाला. भूगर्भशास्त्राने मात्र चंद्रपूरकडच्या भागाचा मान राखला. हा कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना 'गोंडवन' म्हणतात, ते गोंडांच्या मुलखावरून. आणि चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. जवळच ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात तर 'कोळसा' नावाचे वनपरिक्षेत्रच आहे. (रानकुत्र्याला मराठीत कोळसुंदा म्हणतात, तो रंगाने चक्क तांबूस असतो. नावावरून अर्थ काढणाऱ्यांनी जपून.)

लाकडी कोळसा इतिहासजमा झाला, असे शहरी वाचकाला वाटू शकते. तसे नाही. रायगडमधली कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन कोळसाभट्ट्यांवर जातात, घाटावर आणि पार कर्नाटकापर्यंत. झाडे तोडायची, भट्टी लावायची, रात्री जागून ती राखायची. मुले तिथेच, शाळा गावात. फेडता न आलेली उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. हॉटेलातला तंदूर ज्यावर पेटतो, त्या कोळशामागे अशीही माणसे असतात. कोळसापट्ट्यांच्या घोटाळ्याची बातमी झाली. यांची क्वचितच होते.

आता तंदूरवरही गदा आली आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. इराणी बेकरीतल्या पावाची चव जाणार म्हणून हळहळ झाली. धूर मात्र शेजारच्या इमारतीतल्या माणसांच्या छातीत जात होता, तेव्हा आदेशाला नावे ठेवता येत नाहीत.

भट्टी लावणाऱ्यांचे आणि खदानीत उतरणाऱ्यांचे कित्येक शब्द कोशांत नाहीत. ते ज्यांच्या कानावर असतील, त्यांनी जरूर लिहून पाठवावेत. पुढच्या आठवड्यात : राख.