हक्सलेच्या हातातली कवटी

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत थॉमस हेन्री हक्सलेचे १८८३ सालचे तैलचित्र आहे. गडद कोट, गालांवर उतरलेले लांब कल्ले आणि हातात माणसाची कवटी. चित्रकार जॉन कॉलियर हक्सलेचा जावईच, म्हणजे माहिती कमी पडली असे म्हणायला जागा नाही. तरीही या चित्रात दिसतो तो डार्विनची बाजू घेऊन भांडणारा हक्सले. ज्या कामामुळे त्याला शास्त्रज्ञांच्या पंगतीत पान मिळाले, त्याचा इथे मागमूस नाही. ते काम जेलीफिशवरचे. १८४६ ते १८५० या काळात ‘रॅटलस्नेक’ या आरमारी जहाजावर साहाय्यक शल्यचिकित्सक असताना, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या किनाऱ्यांलगत, त्याने हे प्राणी ताजे असतानाच चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ताजे असणे महत्त्वाचे, कारण पाण्याबाहेर जेलीफिशचा बघता बघता लगदा होतो. त्यांचे शरीर मुळात दोन पटलांचे असते आणि ही रचना कणाधारी प्राण्यांच्या भ्रूणातल्या सुरुवातीच्या थरांशी जुळते, असे त्याने दाखवले. हायड्रा आणि समुद्रफुले याच गोतावळ्यातली, हेही त्यातूनच पुढे आले. निबंध १८४९मध्ये रॉयल सोसायटीने छापला, १८५१मध्ये तो तिचा सदस्य झाला आणि पुढच्याच वर्षी तिचे पदक मिळाले. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा अजून सात वर्षे होती!

कुणी म्हणेल, जेलीफिश हातात धरून उभे राहायचे कसे? हरकत रास्त आहे, पण टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवायला काय अडचण होती? दुसरा आक्षेप अधिक वजनदार. माणूस आणि वानर यांच्या शरीररचनेची तुलना करणारे त्याचे पुस्तक १८६३चे. त्या दृष्टीने कवटी ही त्याच्या खऱ्या संशोधनाचीच खूण ठरते. मान्य. मात्र वरचे रूप बाजूला सारून आतली रचना ताडून पाहण्याची जी रीत त्या पुस्तकात आहे, ती त्याने आधी जहाजावर जेलीफिशवर चालवून पाहिली होती. कवटी हे त्या पद्धतीचे फळ, मूळ नव्हे. आणि लोकांना वादाची आठवण राहते, चिरफाडीची नाही.

शिवाय समुद्र हा त्याचा केवळ तरुणपणीचा नाद होता, असेही नाही. चित्र रंगवले त्या वर्षी हक्सले सरकारी मत्स्योद्योग निरीक्षक होता. त्याच वर्षी लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात कॉड, हेरिंग यांसारखी समुद्री मासळी माणसाच्या जाळ्यांनी संपणारी नाही, असे त्याने ठासून सांगितले. ते साफ चुकले. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी १९९२मध्ये बंद करावी लागली. १८८४मध्ये ब्रिटनची सागरी जीवशास्त्र संघटना स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष हक्सलेच. कॉलियरचे चित्र देखणे आहे यात शंका नाही, पण ते पाहणाऱ्याने १८४९च्या निबंधातल्या जेलीफिशच्या आकृत्याही शेजारी ठेवून पाहाव्यात.