हेड आपण उतरवायचं का?

आय.सी. इंजिन्सच्या पेपरात हेड गॅस्केट आलंच तर 'टीप लिहा' मध्ये येतं, दोन मार्कांना. गावाकडे मात्र पोरगा मेकॅनिकलला आहे म्हटलं की पहिला प्रश्न हाच. "फिटर म्हणतोय गॅस्केट गेलं. आपलं आपण बदलायचं का रं?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर नाही, म्हणून हा लेख.

आधी हा पत्रा सोसतो काय ते बघू. ९० मिमी बोअरचं साधं डिझेल इंजिन घ्या. पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ६३.६ चौ. सेंमी. ज्वलनाच्या क्षणी दाब ८० बार धरला तर हेडला वर उचलणारं बल होतं ५ टनांच्या वर, आणि तेही एका सिलिंडरमागे! २००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हा दणका मिनिटाला हजार वेळा बसतो. शेजारूनच पाण्याची आणि ऑइलची भोकं गेलेली. पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे मोटारसायकलचं हेड उघडल्याचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही.

त्यात तापमानाची भर. अर्धा मीटर लांबीचं अॅल्युमिनियमचं हेड ७० अंशांनी तापलं की सुमारे ०.८ मिमी वाढतं, खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्मंच. म्हणजे दर वेळी गॅस्केट दोन्हीकडून घासलं जातं. पाणी संपून इंजिन तापलं की हेड वाकतं आणि मग कितीही महागाचं गॅस्केट घाला, ते टिकत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधीचा प्रश्न असा की, गेलंय ते खरंच गॅस्केटच आहे का? सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करा. (गरम असताना झाकणाला हात लावू नये. ही सूचना इंजिनिअरिंगच्या पोरांना द्यावी लागते, काय करणार.) सुरुवातीला अडकलेल्या हवेचे दोन-चार बुडबुडे येतील, ते सोडून द्या. पण बुडबुडे थांबतच नाहीत आणि रेस वाढवली की वाढतात, तर ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय. झाकण लावल्यावर वरचा होज मिनिटाभरात, पाणी अजून थंड असतानाच, दगडासारखा कडक झाला तर तेही तेच सांगतं. रात्रभर इंजिन उभं ठेवून सकाळी चेंबरचा नट हळूच सैल केला आणि ऑइलच्या आधी पाणी आलं, तर पाणी खाली उतरतंय. मात्र इथे फसू नका. चेंबरमध्ये पाणी आहे पण रेडिएटरला बुडबुडे नाहीत, अशा वेळी वेट लायनरच्या खालच्या रबर रिंगा, ऑइल कूलर किंवा तडा यांचा संशय आधी घ्यावा. तिथे गॅस्केट बदलून पाणी थांबत नाही, फक्त एक रविवार जातो. आणि पावसाळ्यात ऑइलच्या टोपीला आतून पांढरा फेस दिसला म्हणून लगेच हाय खाऊ नका. गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर ती नुसती वाफ असते.

आमच्याकडे हा प्रश्न ऐन ऑक्टोबरात आला. तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर, बुडबुडे अगदी भरभरून. रानाला वाफसा आलेला, ज्वारीची पेरणी तोंडावर, आणि तालुक्याच्या फिटरकडे आठ दिवसांचा नंबर. भाड्याने ट्रॅक्टर मिळेना, कारण वाफसा सगळ्यांनाच एकदम येतो. आबा म्हणाले, "जमंल का तुला? नसंल तर आत्ताच सांग, खोलल्यावर सांगू नगंस." मला वाटतं, सगळा निर्णय या एका वाक्यात आहे.

मी 'जमेल' म्हणालो, त्याची कारणं इंजिनातच होती. हेड बिडाचं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, वर फक्त पुश रॉड, त्यामुळे हेड काढताना टायमिंगला धक्का लागत नाही. बोनेट उचललं की चारी बाजूंनी हात जातो. मॅन्युअलची झेरॉक्स घरात होती, टॉर्क पाना चुलत्यांच्या ओळखीने मिळाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेथवाला बारा किलोमीटरवर, ज्याच्याकडे हेड एका दिवसात तपासून मिळतं. हेड घरी खोलणं म्हणजे सगळं काम घरीच, असं समजू नये. खोलणं-बसवणं आपलं, मोजणं आणि फेस मारणं त्याचं.

त्याच दिवाळीत आतेभावाच्या पिकअपचं हेच दुखणं निघालं. मी सरळ नाही म्हणालो. कॉमन रेल इंजिन, अॅल्युमिनियम हेड, वर कॅमशाफ्ट, टायमिंग बेल्ट. बेल्टचे दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. हेडचे बोल्ट टॉर्कनंतर ठराविक अंशांत फिरवायचे, बहुतेक ठिकाणी एकदाच वापरायचे. रेलमध्ये हजार बारच्या वरचा दाब. तिथली गळती बोटाने चाचपली तर डिझेल कातडीखाली घुसतं, आणि ती शस्त्रक्रियेची केस असते. "ट्रॅक्टर केलास की, मग हे का नाही?" असं तो महिनाभर बोलला. बोलू दे.

आता कामातल्या ज्या गोष्टी फिटर सहज करतो आणि आपल्याला कोणी सांगत नाही, त्या सांगतो. नट सैल करताना इंजिन पूर्ण थंड हवं आणि सुरुवात बाहेरून आत. आवळताना उलट, मधून बाहेर, आणि तीन टप्प्यांत. हेड निघाल्यावर क्रँक फिरवायचा नाही. वेट लायनर पिस्टनबरोबर वर सरकतो, खालची रबर रिंग जाते आणि नसलेलं दुखणं मागे लागतं. स्टडवर पाइपचे तुकडे आणि वॉशर घालून लायनर दाबून ठेवावेत. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा आहे ते प्रत्येक सिलिंडरला मोजा. तो खाली बसला असेल तर नवं गॅस्केट तिथे पकड घेणारच नाही. जुनं गॅस्केट कोरडं खरवडू नका. जुन्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओलं करून काढा. बोल्टची आंधळी भोकं कोरडी करा, नाहीतर आत राहिलेलं ऑइल दाबलं जाऊन ब्लॉक तडकतो.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून फिलर गेज घालायचं. मर्यादा मॅन्युअलमधलीच पाहावी, बऱ्याच इंजिनांत ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यान असते. आणि लेथवाल्याला 'मार फेस' म्हणण्याआधी थांबा. काही डिझेल हेडना फेस मारायला परवानगीच नसते, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांत जागाच उरत नाही. जिथे चालतं तिथेही गॅस्केटची जाडी बघून घ्यावी लागते. काही कंपन्या ती काठावरच्या खाचांनी किंवा भोकांनी दाखवतात.

आमचं हेड सरळ निघालं, तडाही नव्हता. गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या मधल्या अरुंद पट्टीत जळलं होतं. पण मग इंजिन तापलं का होतं? रेडिएटरची जाळी भुशाने गच्च भरलेली. ती साफ केली नसती तर नवं गॅस्केटही पुढच्या मळणीला गेलं असतं.

शनिवारी सकाळी खोललं, सोमवारी संध्याकाळी बसवलं. नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे घातले, टॅपेट लावले, डिझेलची हवा काढली. स्टार्टर मारण्याआधी नोझल न बसवता क्रँक हाताने दोन फेरे फिरवून घेतला होता. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मॅन्युअलमध्ये पहिल्या तापानंतर पुन्हा टॉर्क द्यायला सांगितलं होतं, तो रात्री इंजिन थंड झाल्यावर बॅटरीच्या उजेडात दिला आणि टॅपेट परत तपासले. मंगळवारी आबांनी पेरणी धरली.