दशावतार म्हणजेच उत्क्रांती? मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन... आधी पाण्यातला जीव, मग जमिनीवरचा, शेवटी माणूस. 'डार्विनच्या आधीच आपल्याला उत्क्रांती ठाऊक होती' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. साम्य आहे, हे खरं. पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनाही ते जाणवलं होतं.

पण उत्क्रांती ही शिडी नाही. कासवाचं रानडुक्कर झालं नाही. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एक होते, मग फांद्या वेगळ्या झाल्या. पिढ्यान् पिढ्या छोटे बदल होतात, तगायला उपयोगी पडणारे टिकतात. त्यात कुणी काही ठरवून करत नाही. अवतार मात्र संकट पाहून, ठरवूनच येतो. ती कथा भक्तीची आहे, तिला जीवशास्त्राच्या पेपरला कशाला बसवायचं?

मग श्रद्धा सोडायची? थिओडोसियस डोबझान्स्की यांनी सोडली नाही. फळमाश्यांवर संशोधन करून आधुनिक उत्क्रांतिशास्त्र उभं करणाऱ्यांपैकी ते एक, आणि श्रद्धावान ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. उत्क्रांतीशिवाय जीवशास्त्राला अर्थ नाही, असं त्यांनी १९७३च्या लेखात मांडलं. देव याच मार्गाने सृष्टी घडवतो, हेही त्याच लेखात.

वाद आपल्याकडेही आहे. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे.