बैलाचा चारा आणि विमानाचे तेल

वाचकहो, परगावी निघताना आपण गाडीत बैलांपुरत्या चार पेंढ्या कडबा टाकतो. मुक्काम लांबचा असला की पेंढ्या वाढतात. पण समजा, वाट महिनाभराची आहे आणि मध्ये कुठेच काडी मिळणार नाही. मग निम्मी गाडी कडब्यानेच भरायची, आणि तो ओढायला बैलांना आणखी कडबा लागायचा! सिंगापूरहून न्यूयॉर्कला मध्ये कुठेही न उतरता जाणाऱ्या विमानाचे दुखणे नेमके हेच आहे.

सरळ अंतर सुमारे 15,300 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40,000. म्हणजे जगातली कोणतीही दोन गावे 20,000 पेक्षा लांब असूच शकत नाहीत. भिंतीवरच्या नकाशात पाहाल तर वाटेल, विमान सरळ पूर्वेला जात असेल. पण मुलांच्या शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरी ताणून धरा. दोरी उत्तर ध्रुवाला चाटून जाते! जवळची वाट ती. तरी वैमानिक पुष्कळदा प्रशांत महासागरावरून लांबचा फेरा घेतात. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, कधी ताशी दोनशे किलोमीटरने. असा वारा पाठीशी असला तर वाट लांबली म्हणून काय बिघडले? एवढे करूनही अठरा-साडेअठरा तास लागतातच.

आता तेलाचा हिशेब पाहा. उडताना विमानाचे वजन जास्तीत जास्त 280 टन. त्यात तेल 1,65,000 लिटरपर्यंत, म्हणजे सुमारे 130 टन. जवळजवळ निम्मा बोजा चाऱ्याचाच! म्हणून माणसे कमी घ्यावी लागतात. एवढ्याच आकाराच्या दुसऱ्या विमानात तीनशेच्या आसपास बसतात, यात फक्त 161. स्वस्तातला वर्गच नाही.

सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा 2004 साली न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कपर्यंत सुरू केली. विमान चार इंजिनांचे, खादाड. तेल महागले, हिशेब जुळेना. 2013 च्या नोव्हेंबरात सेवा बंद पडली. कमी खाणारे दोन इंजिनांचे विमान मिळाले तेव्हा, 2018 च्या ऑक्टोबरात, ती पुन्हा सुरू झाली. अंतर तेच होते, बैल बदलले.

घड्याळाची गंमत वेगळीच. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या बारा तास मागे असते. दुपारी बाराला निघालेला माणूस साडेअठरा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात!

हल्ली आपल्याकडचे आईवडीलही मुलालेकींकडे परदेशी जातात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. इतके तास एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. संकोच न करता मधूनमधून उठावे, चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. पूर्वी कधी पायात गुठळी झाली असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे.