बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचलेली सेवा

स्वयंसेवी संस्था मुलांसाठी काम करतात म्हटलं की डोळ्यांपुढे वह्यावाटप, खाऊ, एखादं शिबिर आणि त्याचे फोटो येतात. शहाण्यासुरत्या माणसांचाही हा समज असतो. पण कुटुंबासाठी कायमची सेवा उभी राहते ती वाटपातून नव्हे. ती कशी उभी राहते, हे नवजात बाळांच्या घरच्या काळजीच्या कामात महाराष्ट्राने फार जवळून पाहिलं आहे, आणि त्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

पहिला असा, की सुरुवात पैशांपासून होते. या कामाची सुरुवात मोजण्यापासून झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद ठेवायला घेतली. पुढे नवजात बाळांचं घरोघरी जाऊन निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या महिन्यात उपचारांची गरज पडत होती आणि ते मिळत होते शंभरातल्या जेमतेम तिघांना. नोंदीच नसत्या तर हे कुणाला कळलंही नसतं. आठवड्याच्या आत गेलेलं बाळ बहुतेकदा सरकारी वहीत चढतच नाही. नाव ठेवलेलं नसतं, आणि घरचेही फारसं बोलत नाहीत. पुढे राज्यातल्या १३ संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागात बालमृत्यू मोजले. त्यातून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. खरे मृत्यू सरकारी आकड्यांच्या कितीतरी पुढे आहेत, हे त्याने दाखवलं. एकट्या संस्थेचा आकडा ‘तुमच्या भागापुरता’ म्हणून बाजूला सारता येतो. इतक्या ठिकाणांहून एकच गोष्ट पुढे आली की ते कठीण जातं. संस्थांच्या एकजुटीचा पहिला फायदा मला इथे दिसतो, निधी त्याच्या खूप नंतर.

‘एवढ्याशा जिवाला वाचवायला मोठं हॉस्पिटलच लागतं,’ हा दुसरा समज. काही बाळांना लागतंच, त्यात वाद नाही. पण गडचिरोलीत नवजात मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिकांच्या मुळाशी जंतुसंसर्ग होता, आणि तो वेळेत ओळखला तर औषधाने आटोक्यात येतो. अडचण ओळखण्याची आणि पोचण्याची होती. दवाखान्यात न्या म्हटलं तरी बहुतेक घरं नेत नसत. ओली बाळंतीण, लांबचा रस्ता, घरात दुसरी पोरं, हातात पैसा नाही. याला अडाणीपणा म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं. त्या आईच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे आधी स्वतःला विचारावं.

म्हणून सेवाच घरी न्यायची ठरली. गावातल्याच, चौथी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटलं. बाळंतपणाच्या वेळी दाईसोबत त्या हजर राहायच्या. बाळाला झोळीत घालून ताणकाट्यावर वजन करायचं, उबेत ठेवायचं, अंगावर पाजायला आईला मदत करायची आणि महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. बाळाचं रडणं क्षीण झालं का, दूध ओढायचं थांबलं का, हातपाय लुळे पडलेत का, पोट फुगलं का, धाप लागते का, अंग तापलंय किंवा गार पडलंय का, नाळेला पू आहे का, हे त्या बघत. यातली बरीचशी लक्षणं आईच्या नजरेला सगळ्यांत आधी पडतात. आरोग्यदूताचं अर्धं काम आईला नीट विचारण्याचं होतं.

संसर्ग दिसला तर आरोग्यदूत घरीच इंजेक्शनही देत. ‘चौथी शिकलेली बाई इंजेक्शन देणार?’ हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांनीही विचारला. उत्तर आकड्यांत आहे. संसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावांशी तुलना केली, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एका बाळामागे खर्च सुमारे ५.३ डॉलर. आणि शिक्षणाची अडचण कशी सोडवतात, हे त्याआधीच्या न्यूमोनियाच्या कामात दिसलं होतं. गावच्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधं यंत्र बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वरची ओळ, तिच्यात पाच हिरवे आणि सहावा लाल. मोठं मूल असेल तर खालची, चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मण्यावर हात गेला की न्यूमोनिया समजायचा. हत्यार माणसाला बेतून केलं, माणूस नाकारला नाही. सेवा उभारणं म्हणजे काय, हे मला या मण्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

‘तिथे बंग होते म्हणून जमलं,’ असंही ऐकू येतं. माणसं मोलाची असतातच. पण २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी आपापल्या भागात हेच काम केलं, आणि तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. प्रशिक्षणाची पद्धत, नोंदीचे कागद आणि देखरेख यांची घडी सारखी होती, बाया आणि गावं मात्र तिथली.

शेवटचा समज सर्वांत धोक्याचा: सरकारने योजना उचलली, आता सगळं झालं, शिवाय बाळंतपणं दवाखान्यातच होतात, घरी जायचं कशाला? २०११पासून देशभर ‘आशा’, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या, नवजात बाळांच्या घरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. त्याचे आशेला २५० रुपये मिळतात. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी येते आणि संसर्ग पुष्कळदा त्यानंतर डोकं वर काढतो. दवाखान्यातल्या बाळंतपणाने ही गरज संपत नाही. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२०च्या नमुना नोंदणीत हजारी ११पर्यंत खाली आला होता. हे मोठंच यश आहे, आणि त्याला कारणंही अनेक आहेत.

पण योजना गावातून देशात जाताना काही गळालं. इंजेक्शन आशेच्या हाती राहिलं नाही, ते एएनएमकडे, म्हणजे सरकारी परिचारिकेकडे, गेलं. आणि गडचिरोलीत पर्यवेक्षक पंधरवड्याला आरोग्यदूताकडे जाऊन तिची वही तपासायचे, अडलेलं सोडवायचे. आशेच्या डोक्यावर आज सर्वेक्षणं, लसीकरण आणि कितीतरी नोंदी आहेत, तिच्या शेजारी बसून वही बघणारं माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी नाही. स्थानिक संस्थांनी आज हीच जागा घ्यायला हवी: आशेच्या वहीत राहिलेली भेट कोणती, कुठल्या वस्तीत बाळाचं वजन झालंच नाही, कुठे ताणकाटा महिनोन् महिने बंद पडून आहे, हे दर पंधरवड्याला विचारायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडून तो काटा दुरुस्त करून घ्यायचा.